आमच्या रुग्णालयाचा आपत्कालीन कक्ष वाढतोय: खाटा मागू की आणखी काही?

डोंगरपायथा

नमस्कार मंडळी. मी पेशाने शिक्षक. सातपुड्यातल्या एका आदिवासी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर गेल्या वर्षीपासून आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला तक्रार करायची नाही, सल्ला हवा आहे.

रुग्णालय ३० खाटांचं. कॅज्युअल्टी म्हणजे एक खोली, दोन खाटा आणि एक स्ट्रेचर. पेशंट बहुतेक पावरा आणि भिल्ल, पाड्यांवरून येणारे. आदिवासी उपयोजनेतून कक्ष वाढवायला निधी मिळेल अशी चिन्हं आहेत. पुढच्या सोमवारच्या बैठकीत मागणीचा कागद ठेवायचाय. माझा मसुदा तयार होता: दोनाच्या दहा खाटा, दोन व्हेंटिलेटर, पाच मॉनिटर.

मग मागच्या आठवड्यात एका रात्री मी तिथे होतो. एका पाड्यावरून बाळंतिणीला बांबूलन्समधून आणलं (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बांबूला झोळी बांधून चौघांनी खांद्यावर वाहून आणणं). घरी बाळंतपण झालं होतं, रक्त थांबत नव्हतं. डांबरी रस्त्यापर्यंत तीन तासांची उतरण, मग जीप. रुग्णालयात एकच सिस्टर. डॉक्टर आतल्या खोलीत दुसऱ्या बाळंतपणात. सलाईनची बाटली तिच्या दिराने हातात धरून ठेवली होती, कारण स्टँड मोडलेला. रक्त इथे मिळत नाही. तिला पुढे पाठवलं, शंभरावर किलोमीटर. ती वाचली.

घरी येताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. दोनपैकी एक खाट त्या वेळी रिकामी होती. मग मी दहा खाटा कशासाठी मागतोय?

अशा रुग्णालयांत काम केलेले, राहिलेले, पेशंट घेऊन गेलेले कुणी असाल तर सांगा. काय मागू?

---

निवृत्त_एमओ

गुरुजी, प्रश्न अगदी नेमका विचारलात. मी मेडिकल ऑफिसर म्हणून २८ वर्षं आदिवासी भागात काढली, त्यातली बरीच गडचिरोलीत. आधी एक साधं गणित बघा.

एका जागी चोवीस तास एक माणूस उभा करायचा तर आठवड्याचे १६८ तास होतात. एका माणसाचे ४८ तास धरले तर साडेतीन माणसं लागतात. सुट्ट्या, आजारपण, प्रशिक्षण, बाळंतपणाची रजा, कोर्टाची साक्ष धरली की साडेचार ते पाच. म्हणजे कॅज्युअल्टीत कायम एक डॉक्टर आणि दोन सिस्टर हव्या असतील तर पाच डॉक्टर आणि दहा सिस्टर. तेही फक्त त्या खोलीसाठी, ओपीडी आणि वॉर्ड सोडून. तुमच्याकडे मंजूर पदं किती, भरलेली किती आणि त्यातली प्रतिनियुक्तीवर बाहेर गेलेली किती, हे तीन आकडे आधी काढा. मागणीच्या कागदाचं पहिलं पान तेच असू द्या.

खाट विकत घेता येते. रात्री तीन वाजताची सिस्टर कुठल्याही निधीच्या शीर्षकाखाली येत नाही, म्हणूनच सगळे खाटा मागतात.

---

मोहफूल

वाचतेय. महत्त्वाचा धागा.

---

रात्रपाळी

मी ती एकटी सिस्टर आहे. म्हणजे तुमच्या रुग्णालयातली नाही, पण अशाच एका ठिकाणची. ११ वर्षं झाली.

सर, त्या दिराने बाटली धरली ना, तशी मी दर आठवड्याला कुणाला तरी धरायला देते. एका हाताने दाब द्यायचा, दुसऱ्याने शीर शोधायची, तोंडाने डॉक्टरांना हाक मारायची. फोन करायला तिसरा हात नसतो. तुम्ही दहा खाटा केल्यात आणि सिस्टर एकच ठेवलीत, तर मला दहा ठिकाणी धावावं लागेल. आता निदान सगळे एका नजरेत असतात.

अगदी स्वस्त गोष्टींनी अडतं. साप चावलेल्या पेशंटचं रक्त गोठतंय का हे पाहायला वीस मिनिटांची चाचणी असते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं ताजं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरपी करून बघायचं. घोणस किंवा फुरसं असेल तर रक्त पातळच राहतं. ना मशीन लागतं, ना वीज. पण नळी काचेचीच हवी. प्लास्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेलीही चालत नाही, उत्तर चुकतं. आमच्याकडे एक पावसाळा काचेच्या नळ्याच नव्हत्या, पुरवठ्यात प्लास्टिकच्या आलेल्या. मी स्वतः गावातल्या लॅबवाल्याकडून डझनभर आणल्या.

सापाच्या विषावरच्या लसीचंही तसंच. लहान मुलाला कमी द्यायची असते असं नवीन मुलांना वाटतं. साप मुलाला काही कमी विष देत नाही, म्हणून डोस मोठ्यांइतकाच. आणि लस चढवताना ॲड्रिनॅलिन भरून हाताशी ठेवायचं, रिॲक्शन आली तर कपाट उघडायला वेळ नसतो.

---

लालपिवळाहिरवा

मी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात इमर्जन्सी मेडिसिन करतो. आपल्या देशात या विषयाला स्वतंत्र एमडी म्हणून मान्यताच २००९ साली मिळाली, त्यामुळे तालुक्याला असा तज्ज्ञ मिळेल अशी आशा इतक्यात धरू नका. पण आमच्या शाखेतली सर्वात उपयोगाची गोष्ट शिकायला तज्ज्ञ लागत नाही. ट्रायाज. दारात आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दोन-तीन मिनिटांत लाल, पिवळा, हिरवा असा रंग द्यायचा. श्वास, नाडी, शुद्ध, रक्तस्राव, बस. प्रशिक्षित सिस्टर हे डॉक्टरपेक्षा चांगलं करते.

दहा खाटांऐवजी दोन 'लाल' खाटा करा, पण पूर्ण: ऑक्सिजन, सक्शन, मॉनिटर, ॲम्ब्यु बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची) मोठ्यांची, मुलांची आणि नवजाताची, औषधांची ट्रॉली, वरून भरपूर उजेड आणि चारही बाजूंनी माणूस उभा राहील इतकी जागा. भिंतीला चिकटवलेल्या खाटेवर सीपीआर करून बघा एकदा. मग तीन-चार 'पिवळ्या' निरीक्षणाच्या. हिरव्यांसाठी बाहेर बाक पुरे.

आणि व्हेंटिलेटर मागू नका. चालवणारा नसेल तर ते प्लास्टिकच्या आवरणातच राहतात.

---

रात्रपाळी

@लालपिवळाहिरवा, डॉक्टर, खाटांबद्दल शंभर टक्के सहमत. व्हेंटिलेटरबद्दल नाही.

मण्यार रात्री चावतो, झोपेत, जमिनीवर झोपलेल्यांना. खूण दिसत नाही, सूज नाही, दुखतही नाही फारसं. पहाटे पोटात दुखतं म्हणून उठतात, पापण्या मिटायला लागतात, मग श्वास. लस दिली तरी बंद पडलेला श्वास लगेच परत येत नाही. पण तोवर कुणी श्वास देत राहिलं तर हा पेशंट पूर्ण बरा होऊन चालत घरी जातो. आमच्याकडे आश्रमशाळेतला सातवीतला एक मुलगा आला. नळी डॉक्टरांनी टाकली. मग मी, आमच्या मावशी, वॉर्डातले मामा आणि त्याचे शिक्षक आळीपाळीने रात्रभर बॅग दाबत बसलो. सकाळी सहाला नदीचं पाणी उतरलं, मग गाडी निघाली. आज तो अकरावीला आहे. त्या रात्री एक साधं ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटर असतं तर बाकीच्या वॉर्डाकडे कुणीतरी बघू शकलं असतं.

---

लालपिवळाहिरवा

माझं विधान मागे घेतो. एक, छोटं, गाडीतही नेता येईल असं, आणि ते चालवायचं शिकवलेल्या चार सिस्टर. हे मागा. त्या सातवीतल्या मुलाची हकीकत मी आमच्या रेसिडेंटना सांगणार आहे, तुमची परवानगी असेल तर.

---

रात्रपाळी

सांगा की. बॅग दाबून दाबून मावशींचा अंगठा आठवडाभर सुजला होता, तेही सांगा.

---

एकशेआठ

१०८ रुग्णवाहिकेवरचा डॉक्टर आहे. राज्यात ही सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ प्रगत जीवरक्षक. शहरातल्या फेऱ्या आणि आमच्या फेऱ्या यांत जमीन-अस्मानाचा फरक. त्यांचा पेशंट वीस मिनिटं गाडीत असतो, आमचा चार तास.

म्हणून ऑक्सिजनचा हिशेब. छोट्या बी टाइप सिलेंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतो. मिनिटाला १० लिटर लावला तर १५० मिनिटं, अडीच तास. प्रवास चार तासांचा. उरलेल्या दीड तासाचं काय? आम्ही दोन सिलेंडर ठेवतो, वाटेत कुठल्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) भरलेला मिळेल ते पाठ असतं. जम्बो सिलेंडर सात हजार लिटरचा, पण तो गाडीत बसवताना घाटाचा विचार करावा लागतो.

गुरुजी, पुढे पाठवण्याआधी स्थिर करणं हेच तुमच्या रुग्णालयाचं खरं काम. दोन सलाईन चालू, रक्त थांबवायचे उपाय सुरू, कॅथेटर घातलेला, चिठ्ठीवर कुठलं औषध किती वाजता दिलं ते लिहिलेलं, आणि पुढच्या डॉक्टरला फोन झालेला. एवढं करून दिलेला पेशंट चार तास काढतो. नुसता उचलून गाडीत ठेवलेला काढत नाही. 'पुढील उपचारार्थ रवाना' एवढ्या तीन शब्दांच्या चिठ्ठ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

अवांतर: आमच्या गाडीच्या चालकाला पायलट म्हणतात. घाटात गाडीतच बाळंतपण झालं आणि आजीने नातवाचं नाव पायलट ठेवलं. आता लसीकरणाच्या यादीत 'पायलट' अशी नोंद आहे आणि आमचा पायलट दर दिवाळीला त्या पाड्यावर खाऊ घेऊन जातो.

---

मोहफूल

पायलटला आणि पायलटला दोघांनाही आशीर्वाद :)

---

हिशेबी

थोडा वेगळा सूर लावतो, रागावू नका.

तालुक्याला कक्ष वाढवण्यापेक्षा जिल्ह्यालाच सगळं पक्कं करावं आणि तिथे पोचायचे रस्ते व गाड्या वाढवाव्यात, हे जास्त बरं नाही का? नंदुरबारला, गडचिरोलीला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तालुक्याला महिन्यात गंभीर केसेस येणार मोजक्या. ज्या डॉक्टरने वर्षात दोनदाच श्वासनलिकेत नळी टाकली त्याचा हात गंजतो. यंत्रं गंजतात ती वेगळीच. केंद्रीकरण हा वाईट शब्द नाही, हृदयविकार आणि मेंदूच्या दुखापतीत त्यानेच जीव वाचतात.

---

निवृत्त_एमओ

@हिशेबी, तुमचा मुद्दा खरा आहे आणि हात गंजतो हे मी स्वतःवर अनुभवलंय. त्याचा उपाय आम्ही असा केला होता की वर्षातून पंधरा दिवस डॉक्टर आणि दोन सिस्टर मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जाऊन काम करायचे. गुरुजी, हे लिहून घ्या. पैसा जवळपास लागत नाही.

पण केंद्रीकरणाला रस्ता लागतो, आणि रस्ता बाराही महिने लागतो. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा, जवळजवळ पुणे जिल्ह्याएवढा. २०११ला लोकसंख्या पुण्याची ९४ लाख, गडचिरोलीची पावणेअकरा लाखांच्या आत. भामरागड हे तीन नद्यांच्या संगमावरचं गाव. पर्लकोटेच्या जुन्या पुलावर पाणी आलं की पावसाळ्यात तालुका तुटतो, कधी दिवस दिवस. त्या दिवशी जिल्ह्याचं सुसज्ज रुग्णालय काय कामाचं? बाबा आमट्यांनी १९७३ साली जवळच्याच हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे तिथे राहिले. अस्वलाने चेहरा फाडलेले, मेंदूचा मलेरिया झालेले, आडवं मूल असलेल्या बायका यांच्यासाठी तिथवर दुसरं काहीच नव्हतं. जागेवर राहणारा माणूस हाच तिथला आपत्कालीन कक्ष होता.

आपले निकषसुद्धा बघा. डोंगरी-आदिवासी भागात ३० हजारांऐवजी २० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, १ लाख २० हजारांऐवजी ८० हजारांना एक सामुदायिक आरोग्य केंद्र. सवलत आहे, पण मोजमाप डोक्यांचं आहे, वेळेचं नाही. नंदुरबारमधल्या अक्राणीच्या डोंगरात वीस हजार माणसं किती दऱ्यांत पसरलेली असतात ते नकाशावर हात ठेवून बघा.

---

नावाडी

नर्मदाकाठच्या पाड्यांसाठी तर दवाखानाच बोटीवर न्यावा लागला. सरदार सरोवराचं पाणी चढलं, जुन्या पायवाटा बुडाल्या, तेव्हा बोट अँब्युलन्सवाचून गत्यंतर नव्हतं. बोट काठाला लागली तरी वरचा पाडा चढावरच. तिथे पुन्हा बांबू.

---

फेज_न्यूट्रल

विद्युत काम करतो, म्हणून माझ्या प्रांतातलं सांगतो. नवा कक्ष बांधाल त्याची वायरिंग वेगळ्या सर्किटवर घ्या. अर्थिंग मोजून घ्या, कागदावर घेऊ नका. डोंगराळ फीडरवर व्होल्टेज कधी १५०, कधी २८०. मॉनिटर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, बाळाचा वॉर्मर यांचे बोर्ड त्यानेच जळतात आणि मग 'मशीन बंद आहे' अशी पाटी लागते. स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर आणि जनरेटर. जनरेटरच्या डिझेलची तरतूद कुठल्या खात्यातून हे आधी ठरवा, नाहीतर तो उद्घाटनापुरता चालतो. लसींच्या आणि रक्ताच्या फ्रिजला सौर जोडणी मिळाली तर सोनंच.

---

ओ_पॉझिटिव्ह

गुरुजींच्या त्या बाळंतिणीकडे परत येते. तिला खाट नको होती, रक्त हवं होतं.

तालुक्याला पूर्ण रक्तपेढी शक्य नसते, पण रक्त साठवण केंद्र शक्य असतं. जिल्ह्याच्या रक्तपेढीशी जोडलेलं, २ ते ६ अंशांचा खास फ्रिज, जुळवणी करू शकणारा तंत्रज्ञ आणि परवाना. पिशवी ३५ दिवस टिकते. संपत आली की जिल्ह्याला परत करून नवी घ्यायची, म्हणजे वाया जात नाही. चोवीस तास सिझेरियन, नवजाताची काळजी आणि रक्त साठवण या तीन गोष्टी असतील तरच रुग्णालयाला 'प्रथम संदर्भ सेवा केंद्र' म्हणतात. तुमचं कागदावर तसं आहे का बघा. कागदावर असेल तर तुमची मागणी भांडणाची राहत नाही, नियमाची होते.

रक्त मिळेपर्यंतही करण्यासारखं बरंच असतं. रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिन आहे, पण ते थंडीतच ठेवावं लागतं. उन्हाळ्यात टेबलावर राहिलं की त्याचा जोर जातो. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड तीन तासांच्या आत द्यायचं. गर्भाशयात फुगा घालून दाब द्यायचा, तो कंडोम आणि कॅथेटरपासूनही बनतो.

आणि सिकलसेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) विसरू नका. पावरा, भिल्ल, गोंड, माडिया या सगळ्या समाजांत आहे. २०२३च्या १ जुलैला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांची तपासणी करायची आहे, चांगलंच आहे. पण तपासणीचं कार्ड हातात असलेला मुलगा रात्री हाडं फुटल्यासारख्या वेदनांनी ओरडत येतो तेव्हा त्याला काय मिळतं? बऱ्याच ठिकाणी एक डायक्लोफेनॅक आणि 'सकाळी या'. त्याला पाणी, ऑक्सिजन लागेल तर तो आणि पुरेसं वेदनाशामक हवं, गरज पडली तर मॉर्फिनसुद्धा. माझा भाचा सिकलसेलचा आहे. त्याला 'नाटक करतो' असं एका रुग्णालयात ऐकवलं गेलं. बारा वर्षांचा होता. तेव्हापासून दुखलं तरी तो सांगत नाही, आणि आम्हाला त्याच्या गप्प बसण्यावरून ओळखावं लागतं.

---

गोंडवन

वरच्या शेवटच्या वाक्याशी थांबलो. मी गोंड आहे, चंद्रपूर-गडचिरोलीकडचा, कॉलेजात शिकवतो. बराच वेळ नुसता वाचत होतो.

इथपर्यंतच्या चर्चेत यंत्रं आली, माणसं आली, रक्त आलं. भाषा आली नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, गोंडी-माडिया द्रविड कुळातल्या, भिली-पावरी मराठी-गुजरातीच्या जवळच्या. एकाच राज्यात तीन भाषाकुळं, आणि कॅज्युअल्टीत सगळ्यांना एकच प्रश्न: 'कधीपासून दुखतंय?' माझ्या आजीला शेवटच्या आजारात मोठ्या रुग्णालयात नेलं तेव्हा ती रात्रभर 'येर, येर' म्हणत होती. येर म्हणजे पाणी. वॉर्डातल्या माणसाला वाटलं ती कण्हतेय. आम्हाला बाहेर बसवलं होतं.

आपत्कालीन उपचारात पहिली पाच मिनिटं विचारपुशीची असतात. विचारपूसच होत नसेल तर लाल-पिवळा कसा ठरणार? तिन्ही पाळ्यांना पेशंटची भाषा बोलणारं एक माणूस मागा, पगारी पदावर. 'मावशींना येते थोडी पावरी' यावर भागवू नका. मावशी रजेवर गेल्या की रुग्णालय मुकं होतं.

दुसरं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत रुग्णालय उभारायचं ठरवलं तेव्हा आधी लोकांना विचारलं. लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते, आमच्या माणसांना बाहेर काढतात, आमचा देव तिथे नसतो. म्हणून शोधग्रामचं रुग्णालय आदिवासी पाड्यासारखं बांधलं, नातेवाइकांना सोबत राहता येतं, आणि त्याला नाव दिलं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. गुरुजी, तुमच्या मसुद्यासाठी पाड्यांवर कुणाला विचारलंत का?

---

डोंगरपायथा

@गोंडवन, नाही विचारलं. समितीत एक आदिवासी सदस्य आहेत, त्यांची सही घेतली होती. विचारलं नव्हतं. उद्या रविवारच्या बाजाराला लोक उतरतात, तिथे जाऊन बसतो.

---

तर्कट

भाषेचं पटतं. पण 'त्यांचा देव', 'त्यांची पद्धत' हे कुठवर न्यायचं? मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापलेल्या विळ्याने डागतात, डम्मा म्हणतात त्याला. तेच बाळ चार दिवसांनी जंतुसंसर्ग होऊन रुग्णालयात येतं. भगत, भूमका, पडियार या मांत्रिकांकडे जाण्यात जो वेळ जातो तोच तर जीव घेतो. तिथे आदर कसला दाखवायचा?

---

सिपना

मी मेळघाटातली, धारणीकडची. डम्मा दिलेली बाळं मांडीवर घेतली आहेत, त्यामुळे @तर्कट तुमचा राग कळतो.

पण पडियाराकडे लोक का जातात? तो पहाटे दोनला उठतो, त्याच भाषेत बोलतो, हात धरतो आणि 'एवढा उशीर का केला' म्हणून खेकसत नाही. आमच्या भागात एक पडियार आहे, साप चावलेला माणूस आला की तो मंत्र म्हणत म्हणतच गाडी बोलावतो आणि सोबत बसून रुग्णालयापर्यंत येतो. त्याला तिथल्या डॉक्टरांनी एकदा खुर्ची दिली, चहा पाजला, साप कसला हे त्याच्याकडून ऐकून घेतलं. एवढंच केलं होतं. त्याला हाकलून दिलं असतं तर त्याच्यासोबत वीस गावं गेली असती.

डागणं चूक आहे आणि ते मी तोंडावर सांगते. ते सांगायला आधी समोर बसू द्यावं लागतं.

---

तर्कट

खुर्ची आणि चहा. मान्य. डागण्यावर मात्र मी ठाम आहे.

---

सिपना

त्यावर आपलं भांडण नाहीच.

---

कलम_एकवीस

कागदाला वजन हवं असेल तर: सर्वोच्च न्यायालयाने १९८९च्या परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं की जखमीवर उपचार आधी, कायदेशीर सोपस्कार नंतर, डॉक्टर सरकारी असो वा खाजगी. १९९६च्या पश्चिम बंगाल खेत मजदूर समिती प्रकरणात रेल्वेगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं. न्यायालय म्हणालं, वेळेवर आपत्कालीन उपचार न देणं हा कलम २१चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही. तो निकाल शहरातल्या माणसासाठी नाही लागलेला फक्त. डोंगरातल्यालाही तेच कलम आहे.

---

एकशेआठ

@गोंडवन यांच्या प्रतिसादावरून एक गोष्ट लिहायची राहिली होती, बरेच दिवस कुठे बोललो नाही.

लोक 'डामा' घेऊन जातात, म्हणजे सल्ल्याविरुद्ध घरी. डॉक्टर चिडतात, 'पळून गेले' असं केस पेपरवर येतं. मी एकदा एका बापाला विचारलं, मुलाला शहरात का नेऊ देत नाहीस? तो म्हणाला, 'तिथे मेला तर परत कसा आणू?'

जाताना गाडी फुकट असते, म्हणून आम्ही नेतो. येताना मृतदेहाला आमची गाडी चालत नाही, ती जिवंत माणसासाठी आहे. शववाहिका जिल्ह्याला एखाददुसरी. खाजगी गाडीवाला जे मागतो ते त्याने आयुष्यात एकरकमी पाहिलेलं नसतं. मग तो मुलाला आपल्या झोपडीत, आपल्या माणसांत ठेवायचं ठरवतो. तो हिशेब चुकीचा नव्हता. मुलगा वाचू शकला असता, हे मला माहीत होतं, त्याला पटवायला माझ्याकडे शब्द नव्हते आणि परतीची गाडीही नव्हती.

गुरुजी, शववाहिका मागा. आपत्कालीन कक्षाच्या मागणीत विचित्र दिसेल, तरी मागा. बरा झालेल्याला घरी सोडणारी गाडीही. परतीची खात्री असेल तर लोक पुढे जायला तयार होतात.

---

रात्रपाळी

हे खरं आहे. सोबतच्या माणसांच्या जेवणाचं आणि झोपण्याचंही. बाळंतिणींसाठी माहेरघर आहे, प्रसूतीआधी येऊन राहता येतं, सोबत आई-सासू राहते. तसं कॅज्युअल्टीच्या पेशंटच्या माणसांसाठी काहीच नाही. ज्या चौघांनी बांबू खांद्यावर आणला ते रात्रभर पोर्चमध्ये उभे असतात.

---

हिशेबी

माझा आधीचा प्रतिसाद पुन्हा वाचला. जिल्हा पक्का हवा हे अजूनही म्हणतो. पण परतीच्या गाडीचा खर्च माझ्या हिशेबात कुठेच नव्हता.

---

डोंगरपायथा

मंडळी, रविवारी बाजारात बसलो. तीन तासांत चाळीसेक माणसांशी बोललो, सोबत माझ्या शाळेतली नववीची दोन मुलं दुभाषी म्हणून होती. खाटांबद्दल एकानेही काही म्हटलं नाही. सर्वात जास्त वेळा आलं ते 'आमच्या माणसाला आत राहू द्या'. मग गाडी, मग 'बाई डॉक्टर'. एक म्हातारे म्हणाले, रात्री रुग्णालयाच्या फाटकाला कुलूप असतं, वॉचमन उठेपर्यंत हाका माराव्या लागतात. हे मला, समितीच्या सदस्याला, माहीत नव्हतं.

नवा कागद असा झालाय. आधी पदं, एमओ साहेबांच्या गणितासह. दोन लाल खाटा, चार पिवळ्या. रक्त साठवण केंद्र (तपासलं, आमचं रुग्णालय कागदावर प्रथम संदर्भ केंद्र आहे, @ओ_पॉझिटिव्ह तुमचे आभार). एक ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटर आणि चार सिस्टरांचं प्रशिक्षण. वेगळं सर्किट. पावरी-भिली बोलणारे तीन पगारी दुभाषी. पोर्चशेजारी चुलीसह निवारा. शववाहिका आणि परतीची गाडी. मॉनिटर पाचाचे दोन केले. फाटकाला रात्री कुलूप नाही, हे मागणीत नाही, ते उद्यापासूनच.

सगळं मिळणार नाही. एका सदस्याचा फोन आला होता, 'दुभाषी कशाला, सगळ्यांना मराठी कळतं आता'. त्यांना मी सोमवारी बैठकीआधी माझ्यासोबत कॅज्युअल्टीत तासभर बसायला बोलावलंय.

@रात्रपाळी, सिस्टर, औषधांच्या ट्रॉलीची यादी द्याल का? काही राहायला नको.

---

रात्रपाळी

यादी निरोपातून पाठवलीय, दोन पानं आहेत. काचेच्या नळ्या सगळ्यात वर लिहिल्यात.

फक्त ट्रॉलीला कुलपाचा ड्रॉवर देतात तो घेऊ नका. आमच्या ट्रॉलीची किल्ली औषधनिर्मात्याकडे असते आणि तो सहाला घरी जातो. सील लावायचं, साधं प्लास्टिकचं, ओढलं की तुटणारं. सकाळी सील तुटलेलं दिसलं की काय वापरलं ते बघून भरून ठेवायचं. सलाईनचे स्टँडही लिहा सर, सहा तरी. चाकांचे.